गावचे बचाव पथक पहिल्या पावसाळ्यानंतर टिकवायचे कसे?

सीनाकाठ (परंडा, जि. धाराशिव)

सर्वांना नमस्कार. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला जो पूर आला त्यात परंडा तालुक्यातील इतर गावांप्रमाणे आमच्या गावालाही रात्रीतून पाण्याचा वेढा पडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आणि लष्कराचे हेलिकॉप्टर तालुक्यात आले होते, परंतु एकाच वेळी इतकी गावे पाण्यात होती की आधी कोणाकडे जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. आमच्या मळ्यातल्या वस्तीवरील म्हातारी माणसे आणि लेकरे उजाडेपर्यंत बाहेर काढली ती गावातल्याच पोहणाऱ्या मुलांनी, ट्रॅक्टरच्या ट्यूब आणि विहिरीवरचे दोर घेऊन. दावणीची जनावरे मात्र बरीच गेली.

पाणी ओसरल्यावर गावाने बचाव पथक स्थापन केले. गणेश मंडळातील मुले, काही माजी सैनिक, तालमीतले पैलवान अशी चांगली भरगच्च यादी झाली, टी-शर्ट छापले गेले, सत्कारही झाले. दिवाळीनंतर मात्र सरावाला येणाऱ्यांची संख्या घटत गेली. काही जण सरळ विचारतात की मानधन किती मिळणार. ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे की संकट आले की गाव धावतेच, त्यासाठी पथक, नोंदवही आणि शिट्टी यांची गरज काय? आणि ग्रामपंचायतीत विषय काढला तर पहिला प्रश्न असा येतो की पथकातील एखाद्याच्या जिवाला काही झाले तर जबाबदार कोण. मला या तिन्ही बाजूंमध्ये तथ्य दिसते, म्हणूनच अडकलो आहे. ज्यांच्या गावात असे पथक एकापेक्षा अधिक पावसाळे टिकले असेल, त्यांनी ते कशामुळे टिकले हे कृपया सविस्तर लिहावे.

तेरणेकाठचा मास्तर (औसा, जि. लातूर)

आपल्या गावातील ज्येष्ठ म्हणतात त्यापासून सुरुवात करतो, कारण मी स्वतः आता त्यांच्याच वयाचा आहे. संकटात गाव धावते, हे अगदी खरे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूर परिसर हादरला तेव्हा मी औसा तालुक्यात शिक्षक होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपली होती आणि डोक्यावर दगड-मातीच्या जाड भिंतींनी पेललेली माळवदे होती. सुमारे दहा हजार माणसे त्यात गेली. जी वाचली, त्यांतील पुष्कळांना पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांनी पहार, खोरे आणि नुसत्या हातांनी उकरून काढले. लष्कर आणि बाहेरची मदत पोहोचण्यापूर्वीचे ते तास होते. बाहेरच्या माणसाकडे यंत्र असते, पण या घरातली आजी कोणत्या खणात झोपते, लेक बाळंतपणासाठी आलेली आहे की परत गेली, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते, आणि ढिगारा कोठे उकरायचा हे त्या माहितीवरच ठरते.

पण त्याच दिवसांत दुसरी गोष्टही पाहिली. भूकंपाची बातमी पसरल्यावर आसपासच्या जिल्ह्यांतून माणसांचे लोंढे आले. त्यांत मदतीला आलेले होते आणि नुसते बघायला आलेलेही होते. त्यातच पाऊस कोसळला. अरुंद रस्त्यांवर वाहने अडकली आणि जखमींना नेणे व साहित्य आणणे दोन्ही कठीण झाले. धावून आलेल्या माणसाला कोठे उभे राहायचे आणि कोणाचे ऐकायचे हे आधी माहीत नसेल तर तो ओझे होतो. नोंदवहीची गरज येथे लागते, काका मंडळींना हे अवश्य सांगा.

टिकण्याविषयी मला जे महत्त्वाचे वाटते ते त्याच्या पुढच्या वर्षांत घडले. बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि आणखी शेकडो गावांत पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे करण्यात आले. अनुदान कोणत्या टप्प्यावर मिळते, भिंतीच्या कोपऱ्यांना आणि छताखाली कोणते बांधकाम हवे, अभियंता कधी येणार, हे घरोघरी जाऊन समजावणे आणि लोकांच्या तक्रारी वर नेणे हे त्यांचे काम. ज्या बाईला आयुष्यात कधी तहसील कार्यालयाची पायरी चढावी लागली नव्हती, ती बाई शाखा अभियंत्याला पट्टी टेकवून भिंत मोजायला लावत असे. त्यांतील अनेक मंडळे पुढे बचत, आरोग्य आणि पाण्याच्या कामात टिकून राहिली. भूकंप काही दरवर्षी येत नव्हता. दर आठवड्याला करण्याजोगे काम मात्र त्यांच्या हाती होते.

आपल्या पथकाचेही तसेच आहे. जे पथक केवळ पुराची वाट पाहत बसते, त्याला पूर न येण्याच्या वर्षी काहीच काम नसते आणि मराठवाड्यात पुरापेक्षा दुष्काळाचीच वर्षे अधिक. म्हणून पथकाला बारमाही कामे द्या. कठडा नसलेल्या विहिरींची यादी करून त्यांना निदान काटेरी झुडपांचे आणि तारेचे कुंपण घालणे, पुलाच्या खांबावर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगवणे, अंथरुणाला खिळलेली माणसे, दिवस भरत आलेल्या गर्भवती आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची वस्तीनिहाय नोंद दर काही महिन्यांनी ताजी करणे, अशी ती कामे. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी पेटतात, उसाचे फड पेटतात; तालुक्याचा अग्निशमन बंब येईपर्यंत फडातून पट्टा तोडून आग अडवणे हेही पथकाचेच काम असावे. जवळच्या साखर कारखान्याकडे स्वतःचा बंब असेल तर त्यांच्या सुरक्षा विभागाशी आधीच बोलून ठेवावे.

आणखी एक. मराठवाड्यात 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होतेच आणि परतीच्या पावसाचे दिवसही त्याच्याच मागेपुढे असतात. ध्वजवंदनानंतर सगळे गाव जमलेले असताना तासाभराचा सराव ठेवा. भाषणे थोडी कमी झाली तरी कोणी तक्रार करणार नाही.

गोदाकाठ (नांदेड)

मास्तरांनी फार नेमके लिहिले आहे. मी ‘आपदा मित्र’चे प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता आहे, म्हणून जबाबदारीच्या आणि कायद्याच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण ग्रामपंचायती तेथेच थबकतात.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 73 नुसार शासनासाठी किंवा आपत्ती प्राधिकरणासाठी, त्यांच्या वतीने, सद्भावनेने काम करणाऱ्या व्यक्तीला त्या कामाबद्दल कायदेशीर कारवाईपासून संरक्षण आहे. येथे ‘त्यांच्या वतीने’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणून पथकाची यादी ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे गेलेली असावी, तिची पोच आपल्याकडे असावी, आणि प्रत्यक्ष प्रसंगी 1077 या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर ‘आमचे पथक अमुक ठिकाणी कामाला लागत आहे’ अशी नोंद पहिल्याच फोनमध्ये करावी. दुसरी बाब अशी की राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृतांच्या वारसांना जे चार लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान आहे, त्यात मदतकार्यात किंवा पूर्वतयारीच्या कामात गुंतलेल्या व्यक्तीचाही स्पष्ट समावेश आहे. हे फार थोड्या सरपंचांना माहीत असते. ते मिळण्यासाठी मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि तेथेही आधीची नोंद उपयोगी पडते. रस्ते अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आले आहे, त्यामुळे जखमीला दवाखान्यात नेले तर पोलीस अडकवतील, ही भीती आता कोणी बाळगू नये. अर्थात ते कलम रस्ते अपघातापुरतेच आहे. पुराला ते लागू करू नका.

आपदा मित्र योजना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आहे. 2016 मध्ये ती देशातील 30 पूरप्रवण जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्यात आली. बारा दिवसांचे प्रशिक्षण, ओळखपत्र, विमा आणि जीवरक्षक जॅकेट, विजेरी, हेल्मेट, शिट्टी, प्रथमोपचार पेटी असे साहित्य त्यात मिळते. वयाची अट 18 ते 40 आहे. सगळे पथक त्यात बसणार नाही, पण दोघे-चौघे जरी प्रशिक्षित झाले तरी ते परत येऊन बाकीच्यांना शिकवतात. जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांना भेटून पुढची तुकडी कधी निघणार हे विचारावे.

आता प्रशिक्षणातले सर्वांत अवघड प्रकरण. आमच्याकडे गोदावरीच्या घाटावर वाढलेली मुले आहेत. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कसे चढते हे त्यांना डोळ्यांनी कळते. त्यांना पोहायला शिकवावे लागले नाही. शिकवावे लागले ते न उतरणे. पाण्यातल्या माणसाला आधी काठी किंवा बांबू पोहोचतो का पाहायचे, नाही तर दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकायची, तेही जमले नाही तर होडी न्यायची, आणि यांतले काहीच शक्य नसेल तर कमरेला दोर आणि अंगात जॅकेट असलेल्या माणसानेच उतरायचे, तेही काठावर दोर धरणारे दोघे उभे असतील तर. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात, हे आपण सगळ्यांनी कोठे ना कोठे पाहिलेले आहे. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गुडघ्याइतके दिसले तरी त्यातून दुचाकी घालू न देणे, त्यासाठी पुलाच्या दोन्ही टोकांना पथकातली माणसे उभी करणे, यानेच कदाचित सर्वांत अधिक जीव वाचतात. मात्र त्या कामाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, आणि म्हणून तेथे उभे राहायला मुले नाखूश असतात. आमच्या प्रमुखांनी असा नियम केला की पुलावर जो उभा राहील त्याचे नाव नोंदवहीत आधी लिहायचे. वरवर पोरकट वाटेल, पण उपयोग झाला.

दोराबाबत एवढेच सांगतो की विहिरीवरचा सुती किंवा काथ्याचा जुना दोर वापरू नका. पाण्यावर तरंगणारा दोर स्वतंत्र ठेवा आणि तो इतर कोणत्याही कामाला देऊ नका. एकदा का तो बैल बांधायला गेला की परत येत नाही.

बालाघाट (बीड)

क्षमस्व, पण थोडे वेगळे मत मांडतो. हा सारा उत्साह शासनाच्या सोयीचा ठरतो. राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याहून निघणार, राज्य दलाच्या तुकड्या धुळ्यात आणि नागपुरात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला काय येते, याचा विचार गावकऱ्यांच्या शौर्याचे कौतुक करताना कोणी करत नाही. एका तहसील कार्यालयात रबरी होडी आहे, तिचे इंजिन कोठे आहे हे कोणाला सांगता येत नाही, हे मी पाहिले आहे. ज्या मुलाच्या घरचे सोयाबीन पाण्यात सडले, त्याने दुसऱ्याच्या वस्तीवर फुकट जीव धोक्यात घालावा आणि वर त्याला मानधन मागितले म्हणून बोलही लागावेत, हे योग्य नाही. होमगार्डही स्वयंसेवी संघटनाच आहे, 1946 पासून मुंबईत आणि नंतर राज्यभर उभी राहिली, पण बंदोबस्ताच्या दिवसांचा कर्तव्य भत्ता त्यांना मिळतोच ना?

सीनाकाठ (परंडा, जि. धाराशिव)

बालाघाट दादा, आपले म्हणणे मला पटते, आणि होमगार्डचे उदाहरण तर पुढच्या बैठकीत मी मांडणारच आहे. पण सीनेचे पाणी वस्तीत शिरले त्या रात्री धुळ्याची किंवा पुण्याची तुकडी आमच्या तालुक्यातच तैनात असती, तरी मळ्यातल्या वस्तीचा आडमार्ग आणि बुडालेला ओढा तिला गावातल्या माणसाशिवाय सापडला नसता. दलाची मागणी आणि पथक, दोन्ही चालू ठेवावे लागतील असे वाटते. मागणीचा ठराव ग्रामसभेत आम्हीही घेऊ.

बालाघाट (बीड)

ठराव कराच, आणि त्यात होडीचा उल्लेख घाला. इंजिनासह, असे स्पष्ट लिहा.

कयाधूची सिस्टर (जि. हिंगोली)

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. वरची चर्चा वाचली, ती उपयुक्त आहे, परंतु तिच्यात एक मोठी उणीव दिसते. आपल्या यादीत मंडळातली मुले, पैलवान आणि माजी सैनिक आहेत. त्यांतील किती जण दिवसा दोन वाजता गावात असतात? काही पुण्याला कंपनीत, काही तालुक्याला दुकानात, आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाडव्याच्या सुमारासच परततात. बीडच्या दादांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. भर दुपारी विहिरीत कोणी पडले तर जवळ असतात त्या खुरपणीच्या बायका.

एप्रिल 2025 मध्ये नांदेडजवळ आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळून आमच्या वसमत तालुक्यातील सात शेतमजूर महिलांचा मृत्यू झाला, ही घटना येथील सर्वांना आठवत असेल. तिघांना वाचवता आले. या भागात विहीर हाच सर्वांत मोठा धोका आहे. पूर काही वर्षांनी येतो, विहिरीचे अपघात सतत होतात. म्हणून बचत गटातील महिला, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना पथकात घ्या, आणि केवळ चहा-नाश्त्याच्या व्यवस्थेसाठी घेऊ नका. दोर कोठे टांगलेला आहे, मोटारीचा स्टार्टर कोठून बंद करायचा, महावितरणच्या उपकेंद्राचा फोन कोणता, बाज चारही पायांना दोर बांधून खाली कशी सोडायची, हे त्यांना येत असेल तर पहिली दहा मिनिटे वाया जात नाहीत. जुन्या, वापरात नसलेल्या किंवा आत डिझेल इंजिन चालवलेल्या विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो. एक माणूस आत जाऊन बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशा घटना दरवर्षी कोठे तरी घडतात. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत सर्व वायू ओळखत नाही, तिच्यावर विसंबू नये.

रुग्णालयात आणलेल्या माणसांबाबत आमचा अनुभव असा की वाचवणाऱ्यांची धडपड खरी असते, पण काही सवयी घात करतात. बुडालेल्याला पालथे घालून पोट दाबणे किंवा डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे थांबले पाहिजे. श्वास चालू नसेल तर उताणे झोपवून आधी तोंडाने श्वास द्यावेत आणि लगेच छातीच्या मध्यावर, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. तीस दाबांनंतर दोन श्वास, आणि 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने हे चालू ठेवावे. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात; त्याच्या अंगात वीज राहत नाही, त्याला त्याच पद्धतीने तत्काळ मदत करावी. मृगाच्या पावसाआधी आमच्या पट्ट्यात विजेने शेतात माणसे जातात, हे लक्षात घेऊन मे महिन्यातच सराव ठेवावा. पुरात सर्पदंशही वाढतात. दंशाच्या जागी चिरा देणे आणि दोरीने आवळून बांधणे दोन्ही टाळून, तो अवयव हलू न देता, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

प्रशिक्षणासाठी आमच्यासारख्यांना बोलवा. आमचे वैद्यकीय अधिकारी सुटीच्या दिवशी येतात, मानधन मागत नाहीत, आणि मीही मागणार नाही. पण येण्या-जाण्याची सोय मात्र गावाने करावी, कारण शेवटची एसटी सहा वाजता जाते.

मुले कंटाळतात, याबद्दलही लिहिते. एखाद्या प्रसंगानंतर पथकाशी कोणी बोलत नाही. मृतदेह बाहेर काढलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दोन रात्री जेवत नाही, मग सरावाला येणे बंद करतो आणि लोक म्हणतात उत्साह मावळला. अशा वेळी पथकाच्या प्रमुखाने त्याच्या घरी जावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तेथे नेण्यात कमीपणा नाही, हे घरच्यांनाही समजावावे.

सीनाकाठ (परंडा, जि. धाराशिव)

सिस्टर, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. आमच्याकडे येणे बंद केलेल्यांत असा एक मुलगा आहे, आणि त्याचा आम्ही या बाजूने विचार केलाच नव्हता. उद्या माजी सैनिकांपैकी एका काकांना घेऊन त्याच्या घरी जातो.

बाकी ठरवले ते असे. यादी नव्याने करू, तीत दिवसा गावात असणाऱ्यांचे आणि रात्री असणाऱ्यांचे वेगळे रकाने ठेवू आणि ठरावासह तहसीलला देऊ. मानधनाचा आग्रह तूर्त सोडून, जॅकेट आणि दोर यांसाठी वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून तरतूद मागू. ग्रामपंचायत अधिकारी अनुकूल दिसतात. एक शंका राहते. साहित्य ठेवायचे कोठे? ग्रामपंचायत कार्यालयाला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे, शिपाई वस्तीवर राहतो.

गोदाकाठ (नांदेड)

कार्यालयात ठेवूच नका. आमच्याकडे निम्मे साहित्य उंचावरच्या मंदिराच्या ओवरीत उघड्या खुंट्यांवर असते आणि निम्मे नदीच्या पलीकडच्या वस्तीवर, कारण पूर आला की पूल बंद होतो आणि मदत लागते ती बहुधा पलीकडेच. आपल्या गावाचे दोन भाग ओढ्याने तुटत असतील तर दोर आणि जॅकेट दोन्ही तीरांवर हवेत. चोरीची भीती सगळे दाखवतात. जॅकेटवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवले की ते कोणी नेत नाही. जॅकेट मात्र वर्षातून एकदा पाण्यात टाकून तपासा, उंदीर आतला फोम कुरतडतात.